पिवळं झालेलं अल्कोहोल

"मॅडम, गुरुवारी सकाळची ओटी लावलीय. फंगस आहे एवढं लिहून द्या, बाकी माझ्यावर सोडा."

फोनवर डॉ. बिराजदार होते. सर्जन. माणूस कामाला चोख, हात चांगला, पण ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, वेळ एकदा ठरली की त्यांना बाकी सगळं त्या वेळेभोवती फिरावं असं वाटतं. मी म्हटलं, सर, गोल गोल काहीतरी दिसतंय, रंगही घेतलाय, पण ते फंगसच आहे असं लिहायला माझा हात धजत नाही.

"मग काय आहे?"

"तेच बघतेय."

"बघा. पण बुधवार संध्याकाळपर्यंत बघा. पेशंटच्या घरच्यांना मी सांगून बसलोय."

काय सांगून बसले होते ते मला माहीत होतं. डाव्या पायाची करंगळी, शेजारचं बोट आणि पायाची बाहेरची कड काढायची. नंतर महिनोन्‌महिने गोळ्या.

मी पॅथॉलॉजिस्ट. सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे माझी लॅब आहे. रक्त-लघवीच्या तपासण्या सगळीकडे होतात, आमच्याकडे त्याबरोबर शरीराचे तुकडेही तपासतात. गाठ काढली, अपेंडिक्स काढलं, जखमेतला तुकडा घेतला की तो बाटलीत घालून आमच्याकडे येतो. आम्ही त्याचे पातळ काप करून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघून सांगतो की हे काय आहे. पेशंट आम्हाला सहसा दिसत नाही. बाटली दिसते आणि बाटलीवरचं नाव.

या वेळी नाव होतं मायाक्का. सांगोला तालुक्यातली, मेंढरं राखणारी. चप्पल घालून असो की अनवाणी, काट्याकुट्यातून चालणं हाच तिचा धंदा. बऱ्याच महिन्यांपूर्वी पायात वेड्या बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, बसला, पुन्हा सुजला. मग करंगळीच्या खाली दोन-तीन भोकं पडली आणि त्यातून पू यायला लागला. आपल्याकडच्या कोरड्या मुलखात असा पाय दिसला की कुठल्याही सर्जनच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते मदुरा फूटचं. काट्याबरोबर मातीतली बुरशी, म्हणजेच फंगस, आत जाते, मुरते, आणि हळूहळू हाडापर्यंत पोचते. वेळेत तोडलं नाही तर पुढे पूर्ण पाऊल जातं. तेव्हा बिराजदारांची घाई उगाच नव्हती.

बाटली एरवी हॉस्पिटलचा वॉर्डबॉय आणतो. ही बाटली मायाक्काचा नवरा बिरू स्वतः घेऊन आला होता. पांढरी बंडी, डोक्याला पटका, बाटली पंच्याच्या घडीत गुंडाळून पोटाशी धरलेली. काउंटरवर ठेवताना त्याने तिला नमस्कार केला. मी तेव्हा बाहेरच उभी होते.

"पाय ऱ्हाईल का न्हाय, तेवढं सांगा," तो म्हणाला.

मी सांगितलं, मामा, आत्ता नाही सांगता येत, तीन-चार दिवस लागतील. तो बरं म्हणाला आणि जिन्यात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जिन्यात. काउंटरवरच्या मुलीने त्याला घरी जायला सांगितलं तर म्हणाला, पावण्याच्या घरी बसून तरी काय करायचं, हितं बरं हाय. जाता येता त्याच्याशी बोलणं व्हायचं. दिवाळी झाली की त्यांचा वाडा निघतो. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, बिऱ्हाड, सगळं. पुढचे सहा-सात महिने रोज मुक्काम बदलायचा. मायाक्का चालू शकली नाही तर तिला गावी एकटीला ठेवावं लागणार होतं.

"मेंढरू काय बसून राखाय येतंय व्हय?" बिरू म्हणाला. "तिचं निम्मं आयुष्य पायात हाय."

आता तुकड्याचं काय करतात ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये असतो. हे उग्र वासाचं पाणी. त्याने मांस सडत नाही, घट्ट होतं. मग तो एका छोट्या प्लास्टिकच्या जाळीदार डबीत घालतात. तिला आम्ही कॅसेट म्हणतो. ही कॅसेट एकामागून एक अल्कोहोलच्या बरण्यांतून फिरते, त्यात तुकड्यातलं पाणी निघून जातं. शेवटी पाण्याच्या जागी मेण भरतात. मेणाचा ठोकळा झाला की मशिनवर त्याचे काप काढायचे. किसणीवर बटाट्याचे करतो तसे, फक्त केसापेक्षा कितीतरी पातळ. हा काप काचेवर घेतला की त्यात काहीही दिसत नाही. अगदी काही नाही. म्हणून रंग.

रोजचे रंग दोन. हिमॅटॉक्सिलिन हा एका झाडाच्या गाभ्यातून निघतो. पेशींच्या मध्यबिंदूला, केंद्रकाला, तो आधी लालसर जांभळा रंगवतो. मग काच नळाच्या पाण्यात किंवा अमोनिया घातलेल्या पाण्यात धरली की तोच रंग निळा होतो. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यामुळे आम्ही अमोनियाची बाटली हाताशीच ठेवतो. दुसरा रंग इओसिन, तो उरलेलं सगळं गुलाबी करतो. निळं आणि गुलाबी, एवढ्यावर आमचं ऐंशी टक्के काम चालतं.

उरलेल्या कामाला स्पेशल स्टेन लागतात. एखादा रंग टीबीचे जंतू दाखवतो, एखादा लोह दाखवतो. बुरशीसाठी आम्ही पीएएस नावाचा रंग वापरतो. तो साखरेच्या कुळातल्या पदार्थांना लागतो आणि त्यांना झगझगीत राणी रंगाचं करतो. बुरशीच्या भिंतीत असे पदार्थ भरपूर असतात.

मायाक्काच्या तुकड्यात रोजच्या रंगाने पू दिसला, सूज दिसली आणि महाकाय पेशी दिसल्या. शरीरात काही परकं घुसलं आणि एकट्या पेशीला ते गिळता येईना की अनेक पेशी एकत्र येऊन एक मोठी पेशी होते आणि त्या वस्तूला कवेत घेते. ती महाकाय पेशी. या पेशींच्या पोटात गोलसर, काचेसारखं पारदर्शक काहीतरी होतं. ना निळं, ना गुलाबी. टीबीचा रंग केला, काही नाही. मग पीएएस केला, आणि ते सगळे गोल राणी रंगात पेटून उठले.

"निघालं की मॅडम," लक्ष्मी म्हणाली.

लक्ष्मी माझी टेक्निशियन. शहराच्या पूर्वभागातली, घरी तेलुगू, लॅबमध्ये मराठी, आणि मशिन बिघडलं की पुन्हा तेलुगू. काप काढण्यात आणि रंगवण्यात तिचा हात सोलापुरात तरी मला दुसरा माहीत नाही. ती निष्कर्ष काढून मोकळी झाली होती. मी झाले नव्हते.

कारण असं की बुरशी जिवंत वस्तू आहे. ती वाढते. तिला फुटवे येतात, धागे येतात, एकाची दोन होताना कुठेतरी सापडते. इथे नुसते गोल. काही लहान, काही मोठे, काही फुटके. एकालाही फुटवा नाही. शिवाय बुरशीची भिंत रोजच्या रंगात थोडी तरी दिसते. हे गोल त्या रंगाला दादच देत नव्हते. आणि ते होते कुठे, तर भोकाच्या तोंडापासून आत जाणाऱ्या वाटेवर, दाटीने. खोल मांसात एकही नाही.

बुरशी आधी खोल मुरते, मग आतून बाहेर येते. हे बाहेरून आत गेल्यासारखं दिसत होतं.

मी पुण्याच्या एका सीनिअरना मोबाइलवर फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, फंगस वाटतंय, पण बुरशीला काळं करणारा चांदीचा स्टेन करायला हवा, ब्लॉक, म्हणजे तो मेणाचा ठोकळा, इकडे पाठव. पाठवला असता. पण उत्तर यायला आठवडा. गुरुवार त्याआधी होता.

सोमवारी बिराजदारांचा तो फोन झाला आणि मी पुन्हा मायक्रोस्कोपला बसले. तेवढ्यात लक्ष्मी दारात.

"मॅडम, नवीन अल्कोहोल काढू का? पहिली बरणी पिवळीधमक झालीय."

पहिल्या बरणीचं अल्कोहोल सगळ्यात लवकर खराब होतं. ते आम्ही बदलतो आणि जुनं कॅनमध्ये ओतून ओटे पुसायला वापरतो. मी मान वर न करता म्हटलं, पित्ताशय असेल. पित्ताच्या पिशव्या तपासायला आल्या की त्यातलं पित्त उतरतं आणि अल्कोहोल पिवळं-हिरवं होतं. नेहमीचंच आहे.

"पित्ताशय मागच्या बॅचला होतं. ते अल्कोहोल तेव्हाच बदललं," लक्ष्मी म्हणाली. "या बॅचला दोन अपेंडिक्स, एक गर्भाशय, एक छातीची गाठ आणि तो पाय."

आता मी मान वर केली.

यातलं एकही पिवळं नसतं. मी उठून बरणी बघितली. पित्ताचा पिवळा जरा हिरवट, मळका असतो. हा स्वच्छ होता. मी तिला त्या बॅचचे ठोकळे काढायला सांगितले. मेणाचा ठोकळा कॅसेटच्या पाठीवरच बसवलेला असतो आणि आमच्या कॅसेट पांढऱ्या. पाचांतल्या चार पांढऱ्याच होत्या. पायाच्या कॅसेटची जाळी पिवळी पडली होती. मेणाखालचा तुकडा मात्र नेहमीसारखा फिकट.

म्हणजे पिवळा रंग या तुकड्याबरोबर आला होता. फॉर्मॅलिनमध्ये तो फारसा उतरला नाही, कारण तो पाण्यात नीट विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये पूर्ण उतरला. माझ्यासमोर स्लाइड आली तेव्हा रंग केव्हाच धुऊन गेला होता आणि ज्याला तो लागलेला होता ते बिनरंगी होऊन माझ्यासमोर बसलं होतं.

"लक्ष्मी, अमोनिया दे."

एका टेस्ट ट्यूबमध्ये ते पिवळं अल्कोहोल घेतलं. दुसऱ्या ट्यूबमध्ये मागच्या पित्ताशयाच्या बाटलीतलं पिवळं पाणी, ते अजून ठेवलेलं होतं. दोन्हींत अमोनियाचे थेंब टाकले. पित्ताचं पिवळं तसंच राहिलं. पहिल्या ट्यूबमधला रंग थेंब पडला तिथून बदलायला लागला आणि हलवल्यावर सगळं विटकरी लाल झालं.

लक्ष्मीने ट्यूब उजेडात धरली. "ही तर हळद," ती म्हणाली.

हे ओळखायला पॅथॉलॉजी लागत नाही. हळदीचा डाग पडलेल्या साडीला साबण लावला की डाग लाल होतो, हे घरात कपडे धुतलेल्या कोणालाही माहीत असतं. हळदीला चुन्यासारखं काही लावून कुंकू करतात तेही यामुळेच. साबण, चुना, अमोनिया, तिन्ही एकाच जातीचे.

तेव्हा तुकड्यात हळद होती. आता ते गोल हळदीचेच का, हा पुढचा प्रश्न. हळकुंड म्हणजे जमिनीतला कंद. बटाटा, रताळं, हळद, सगळ्यांत स्टार्च, म्हणजे पिठूळ पदार्थ. शिवाय दुकानातल्या स्वस्त हळदीत वरून पीठ मिसळलेलं असू शकतं. स्टार्च साखरेच्या कुळातला, म्हणून पीएएस त्यालाही लागतो. रंग साखरेला लागतो. ती बुरशीची की हळदीची, हे ओळखणं रंगाचं काम नाही.

स्टार्चची चाचणी शाळेत सगळ्यांनी केलेली असते. आयोडिन टाकायचं, निळं-काळं झालं की स्टार्च. मी लक्ष्मीला न रंगवलेला एक नवा काप मेण काढून द्यायला सांगितलं आणि वर कंट्रोल हवा म्हटलं. कंट्रोल म्हणजे ज्यात तो पदार्थ नक्की आहे अशी एक काच बरोबर रंगवायची. कंट्रोलवर रंग आला तरच तपासणी खरी. टीबीचा कंट्रोल आमच्याकडे असतो, बुरशीचा असतो. स्टार्चचा कोण ठेवतो?

लक्ष्मी आत गेली आणि तिच्या डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचा एक कण काचेवर पसरून घेऊन आली.

"धुतला ना?"

"धुतला. तरी पिवळाच आहे," ती म्हणाली. "आमच्यात पण हळद घालतात, मॅडम."

दोन्ही काचांवर आयोडिनचा थेंब. बटाटा काळा-निळा. मायक्रोस्कोपखाली पायाचा काप घातला. महाकाय पेशींच्या पोटातले ते सगळे गोल, लहान, मोठे, फुटके, शाईच्या थेंबांसारखे झाले होते. मी लक्ष्मीला बघायला दिलं. तिने बघितलं आणि नवीन अल्कोहोल भरायला निघून गेली.

मी जिन्यात गेले. बिरू तिथेच होता, तंबाखू मळत. मला बघून ती मूठ मागे गेली.

"मामा, बाटलीत काय घातलं होतं?"

"काय न्हाय. त्यांनी दिली तशी आनली."

"पिवळं काहीतरी होतं."

त्याने कमरेला हात लावला. मग म्हणाला, "चिमूटभर भंडारा. बाटली अनोळखी जाग्याला चालली हुती. मोकळी कशी धाडायची?"

भंडारा म्हणजे देवाला वाहायची हळद. धनगराच्या कमरेला एक वेळ पैसे नसतील, भंडाऱ्याची पिशवी असते. बिरूने आपल्या बायकोच्या पायाचा तुकडा त्यांच्या देवाच्या, बिरोबाच्या, हवाली करून माझ्याकडे आणला होता. मी रागावणार होते. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की हे उत्तर पुरत नाही. बाटलीत टाकलेली हळद तुकड्याच्या वरवर चिकटेल. ती महाकाय पेशीच्या पोटात कशी जाईल? बाटलीतल्या पेशी मेलेल्या असतात, त्या काही गिळत नाहीत. पेशींनी तिला कवेत घेतलं होतं म्हणजे पाय जिवंत असताना ती आत होती.

"आणि जखमेत?"

"जखमंत तर रोजचंच हाय की," बिरू म्हणाला. मी हे विचारतेच कशाला, असा त्याचा चेहरा. "आईनं भोकात दाबून भरायला सांगितलंय. रगत थांबतं, किडं पडत न्हाईत. मेंढराला बी तेच करतो."

"मेंढरू बरं होतं?"

"व्हतं की. हिचंच होईना."

त्याच्या कमरेची पिशवी मी मागितली. त्याने जरा मागंपुढं केलं, मग चिमूट काढून माझ्या तळहातावर ठेवली. आत येऊन ती काचेवर घेतली, अल्कोहोलने धुतली, पीएएस केला. राणी रंगाचे गोल. हुबेहूब.

बिराजदारांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. आणि मग एक प्रश्न विचारला, तो बरोबर होता.

"हळद आहे हे मान्य. पण हळद आहे म्हणून फंगस नाही, असं कुठं होतं? भोकं आधी पडली, हळद नंतर भरली. भोकं कशानं पडली?"

मला याचं उत्तर देता येत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि बुधवार संध्याकाळपर्यंतचा वेळ त्यांच्याच शब्दांत परत मागितला.

"बुधवार सहा," ते म्हणाले. "त्यानंतर मी माझ्या डोळ्यांना दिसतंय त्याप्रमाणे करणार."

तुकडा अख्खा मेणात असतो, पण आपण बघतो ते त्याचे वरचे एक-दोन काप. कणकेच्या गोळ्यात मिरीचा दाणा असेल आणि आपण कडेचाच काप काढला, तर दाणा सापडणार नाही. म्हणून खोल जायचं. थोडं कापून टाकायचं, एक काप घ्यायचा, पुन्हा थोडं कापायचं. याला लेव्हल्स म्हणतात. वेळखाऊ काम, आणि एकदा कापलेलं परत येत नाही. तुकडा होता बोराएवढा.

मंगळवारचा पूर्ण दिवस लक्ष्मी मशिनवर होती. ती काप देत होती आणि मी बघत होते. पू. सूज. हळद. पू. हळद. खोल गेलो तशी हळद संपली, महाकाय पेशी मात्र संपल्या नाहीत. दुपारनंतर लक्ष्मी बाहेर येऊन म्हणाली, "मॅडम, पातं अडकतंय. कापात चीर पडतेय."

पातं अडकलं म्हणजे मेणात काहीतरी टणक आहे. एरवी आम्ही अशा वेळी वैतागतो. त्या दिवशी मी खुर्ची मागे सारून तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने ठोकळा बर्फावर ठेवला, पातं बदललं आणि श्वास रोखून हळूहळू काप काढला. फाटलाच, पण अर्धा तरी मिळाला.

त्यात एक लांबट पट्टी होती. जाड भिंतींच्या चौकोनी खोल्या, एकीला एक लागून, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. एका बाजूला ती तासल्यासारखी सरळ होती. माणसाच्या शरीरात असं काही नसतं. हे लाकूड होतं. भोवती महाकाय पेशींचा गराडा.

बिराजदारांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. "हेही हळदीतलंच असेल. काडीकचरा."

मी म्हटलं, भंडाऱ्याची पूड चाळलेली असते, त्यात एवढा तुकडा येत नाही. याला आयोडिन लावलं तर काळं होत नाही. आणि हे हळदीच्या वाटेवर नाही, तिच्या खाली, खोल आहे. मी अंदाज देत नाही, जे दिसतंय ते सांगतेय. काट्याचं टोक आहे. उरलेला काटा अजून पायात असू शकतो.

"काटा काढलाय म्हणाले होते."

"मी विचारते."

बिरूला विचारलं. त्याने सुईने काटा काढला होता, हे खरं. "आला की हाताला," तो म्हणाला. मग किती आला विचारल्यावर नखाएवढा दाखवला. वेड्या बाभळीचा काटा केवढा असतो ते मी त्याला विचारलं नाही, त्याने स्वतःच दोन बोटं लांब केली, त्यांच्याकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

बिराजदारांबद्दल एक सांगायला हवं. पटलं की ते अडून बसत नाहीत. बुधवारी सकाळी त्यांनी पायाची सोनोग्राफी करून घेतली. एक्स-रे आधी काढलेला होता, पण लाकूड एक्स-रेत दिसत नाही. सोनोग्राफीत पायाच्या बाहेरच्या कडेला, हाडालगत एक पांढरी रेघ दिसली. माझा रिपोर्ट त्याच दुपारी गेला. बुरशी दिसली नाही, परकी वस्तू आहे, स्टार्च आणि वनस्पतीचा टणक भाग, बुरशीचं कल्चर लावून ठेवावं. एवढंच.

गुरुवारची ओटी रद्द झाली नाही. फक्त त्या वेळात काम दुसरं झालं. एक छोटी चीर घेऊन त्यांनी काटा काढला, आतली घाण खरवडली आणि जखम साफ केली. दोन्ही बोटं जागेवर राहिली. काटा त्यांनी बाटलीत घालून मला पाठवला. पेरभर, काळा पडलेला. कल्चरमध्ये, म्हणजे पायातली घाण काही वाढतं का बघायला ताटलीत ठेवली होती तिच्यात, पुढच्या काही आठवड्यांत बुरशी आली नाही. ते येईपर्यंत मी पूर्ण निश्चिंत नव्हते, हे इथे लिहून ठेवते.

पुढे महिन्याभराने एक बाई लॅबचा जिना चढून आली. उंच, काळीसावळी, कपाळावर भंडारा. डाव्या पायात चप्पल, उजव्यातही. मागे बिरू. तो नसता तर मी ओळखलं नसतं, कारण तोपर्यंत माझी तिची ओळख एका बोराएवढ्या तुकड्यापुरती होती.

"ह्या का त्या?" तिने बिरूला विचारलं.

"ह्याच."

ती माझ्याकडे वळली. "माझा भंडारा काढून फेकला म्हनं तुमी."

"फेकला नाही अक्का, रंगवून बघितला," मी म्हटलं. "कपाळाला लावा, देवाला वाहा. भोकात भरू नका."

"देवाचा हाय तो. त्यानं वाईट कसं व्हईल?"

"वाईट काट्याने झालं. भंडाऱ्याने काटा झाकला."

तिने त्यावर विचार केला. पटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मग बिरूकडे वळून म्हणाली, "काटा नीट काढाय येत न्हाय ह्येला, आन मेंढरं राखतोय." बिरू भिंतीकडे बघत होता. तिने ओच्यातून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. घरच्या हळकुंडाचा आहे, दुकानातला नाही, असं सांगितलं. बसा म्हटलं तर बसली नाही. वाड्याची तयारी व्हायची होती. जिना उतरतानाचा पायांचा आवाज मी ऐकला. दोन्ही पाय सारखे पडत होते.

त्या घरच्या भंडाऱ्यालाही लक्ष्मीने आयोडिन लावून बघितलं. तोही निळा झाला. शुद्ध असला तरी कंदच तो. आता आमच्याकडे स्टार्चचा कायमचा कंट्रोल आहे, भाजीवर अवलंबून राहावं लागत नाही.

तेव्हापासून जखमेतला कुठलाही तुकडा आला की मी सर्जनला आधी विचारते, वर काय लावलं होतं. बहुतेकांना माहीत नसतं. मग त्यांना पेशंटला विचारावं लागतं. आत्तापर्यंत चुना, बिब्बा, तपकीर, दगडी पाला आणि एकदा टूथपेस्ट असं ऐकलंय. बिराजदार मात्र आता न विचारता चिठ्ठीवर लिहून पाठवतात.

दसऱ्याला लॅबमध्ये यंत्रांची पूजा होते. यंदा लक्ष्मीने मायाक्काच्या पुडीतलीच हळद काढली. काप काढायच्या मशिनला बोट लावलं, रक्त गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला लावलं, मग मायक्रोस्कोपकडे वळली. मी तिला थांबवलं नाही. फक्त लेन्सपासून लांब, खाली पायाला लाव म्हटलं, आणि रंगांच्या बरण्यांवर झाकणं आहेत का ते बघून घेतलं.